कानामागची

बाबा तिला शिसपेन्सिल म्हणायचे
आणि त्यांची समजूत, की नाव शिसवावरनं पडलं.
"आधी शिसवाची करत असणार. आता हे फोपशं लाकूड."
गर्लगुंजीत लाकडावरून त्यांच्याशी
कुणी वाद घालत नसे.

मी आठवीत. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या,
शिसव नाही, शिसंही नाही,
आत असतं ग्रॅफाइट, कोळशाचं दूरचं भावंड.
घरी येऊन सांगितलं तर रंधा थांबला.
"शिसव नव्हे, हे मान्य. खरं, शिसंपण नाही?
मग इतकी वर्षं आपण कुणाचं नाव घ्यायलोय?"

चपटी, तांबडी. कौलावर ठेवली तरी घरंगळत नाही.
उजव्या कानामागं तिची जागा,
जेवताना, लग्नात, कोर्टाच्या तारखेलासुद्धा.
कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात,
ही कानामागंच राहिली. तिखट होतं ते टोक,
ते पटाशीनं काढायचे.
शार्पनर म्हणजे पोरांचा खेळ.

रेघ मारणं हे तिचं एक काम झालं.
कुलूप अडलं की तिची पूड आत फुंकायची,
किल्ली लोण्यात फिरल्यागत फिरे.
पाठीला खाज सुटली, तीच.
चहाच्या तळाला साखर राहिली, तीच, उलट्या टोकानं.
उधारी मात्र तिनं कधी लिहिली नाही.
"उधारी शाईनं लिहावी, नाहीतर लिहूच नये."

हाताखाली इटगीचा बसलिंग होता.
त्याला शिकवताना म्हणायचे,
"रेघेला जाडी असते बाबा.
करवत रेघेवरनं न्यायची नाही,
टाकाऊ अंगानं न्यायची, कडेकडेनं.
कापून झाल्यावर रेघ लाकडावर दिसली पाहिजे."
पारावर हद्दीच्या गोष्टी निघत, आवाज चढत,
मला वाटायचं, आता हे तेच वाक्य बोलणार.
ते कानामागची पेन्सिल काढून
पुन्हा नीट खोवायचे. बस्स.

बेळगावात कॉलेजला गेले,
तिथल्या जाड कोशात एक दुपार सापडलं:
पेन्सिल, मूळ लॅटिन, अर्थ इवलीशी शेपटी.
आधी तो केसांचा बारीक कुंचला होता,
मग नाव घसरत घसरत या काडीवर आलं.
आणि पेन तिचं कुणीच लागत नाही,
ते पिसातून आलं.

शनिवारी बसमधून उतरून थेट दुकानात सांगितलं.
"शेपूट?" बाबा इतके हसले की भुसा उडाला.
"बसलिंग, शेपटाला तुमच्यात काय म्हणतात रे?"
"बाल, मेस्त्री."
"बाल!"
मराठीत बाल म्हणजे पोर.
ते जरा वेळ माझ्याकडं बघत राहिले.
"म्हंजे तू की गं. जाईल तिथं मागं मागं."

ते गेल्याला सहा वर्षं.
परवा बसलिंगचा फोन आला, तो आता स्वतः मेस्त्री,
इटगीत एक जुनी चौकट उतरवतोय, बघून जा म्हणाला.
कुसू साळीतून निघताना कण्हलं.
चाळीस वर्षं उजेड न लागलेलं लाकूड,
आतून पिवळंधमक,
आणि त्यावर बाबांची रेघ, अख्खी.
शेजारी मराठीत लिहिलेलं "वर",
खाली कन्नड ए, एडगडेचा, म्हणजे डाव्या अंगाचा.
एकाच हाताचं अक्षर, दोन्हीकडं तितकंच वाकडं.

मी बोट फिरवलं.
बोटाला काळं लागलं.

"तासू की ठेवू?" बसलिंगनं विचारलं.
त्याच्या कानामागं निळी होती, गोल, शाळेतली,
सारखी घसरत होती.